आश्चर्याचे उसने उद्गार

पुणें शहराच्या वायव्येस, मुळशी तालुक्यांत, हिंजवडी नांवाचें गांव आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तें शेतकऱ्यांचें गांव होतें. म्हातोबा हें तेथील दैवत, आणि चैत्रांत त्याच्या उत्सवांत निघणारें बगाड ही त्या गांवाची पंचक्रोशींतील ओळख. पुढें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें तेथें राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसविलें, आणि देशाच्या सर्व प्रांतांतून तरुण मंडळी नोकरीसाठीं तेथें येऊं लागली. बगाड अद्यापि निघतें. हिंजवडीहून वाकडकडे जाणाऱ्या त्या बगाडास गळकरी चढला, म्हणजे भोंवतालच्या समुदायांतून 'चांगभलं' असा एकच गजर उठतो. त्याच शिवारांत उभ्या राहिलेल्या कांचेच्या भिंतींच्या कचेऱ्यांत, रात्रभर खपून लिहिलेला एखादा प्रोग्राम बिनचूक चालला, कीं पाहणाऱ्या तरुणांच्या तोंडून 'वॉव' असा उद्गार निघतो. एकाच गांवाच्या शिवेंत विस्मयाचे हे दोन उद्गार आज शेजारीं शेजारीं नांदत आहेत.

यांपैकीं दुसऱ्या उद्गाराविषयीं आमच्या पिढींतील सुशिक्षितांमध्यें बरीच नाराजी आहे. मराठी माणसाला आश्चर्य वाटावयासही आतां इंग्रजी लागावें ना, असें बोलणें आम्हीं पुष्कळदां ऐकलें आहे. ही तक्रार क्षुल्लक म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. वस्तु परदेशांतून आली, कीं तिचें नांवही तिच्याबरोबर येतें. टेबल, स्टेशन, मोटार या शब्दांबद्दल आतां कोणी दुःख करीत बसत नाहीं. परंतु आश्चर्य ही कांहीं जहाजांतून उतरलेली वस्तु नव्हे. तें आमच्या पूर्वजांनाही वाटत होतें, आणि तें बोलून दाखविण्यास त्यांच्याजवळ शब्दही होते. तेव्हां विचारापूर्वीं तोंडांतून निघून जाणारा, अगदीं आंतला असा शब्दच जेव्हां परका होतो, तेव्हां भाषेंत नेमकें काय घडत असतें, हा खरा प्रश्न आहे. इतिहासाच्या साह्यानें त्याचा कांहीं उलगडा होतो किंवा कसें, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शाळेंत व्याकरण शिकलेल्या प्रत्येकास शब्दांच्या आठ जाती पाठ असतात, आणि त्यांत केवलप्रयोगी अव्ययाची जात सर्वांत शेवटीं येते. तिला नामाप्रमाणें विभक्ति नाहीं, क्रियापदाप्रमाणें काळ नाहीं. वाक्यांतील इतर शब्दांशीं तिचें कसलेंही देणेंघेणें नाहीं. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ त निघालें आणि मोरो केशव दामल्यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ त. या पाऊणशें वर्षांत मराठी व्याकरणाचा विचार पुष्कळ सूक्ष्म झाला, तरी या जातीच्या वाट्यास नाम व क्रियापद यांच्या मानानें थोडीच जागा आली. याचें एक कारण असें, कीं हे उद्गार निसर्गानेंच दिलेले आहेत, शिंक किंवा जांभई यांप्रमाणें ते आपोआप येतात, असा आपला एक समज असतो. तो खरा नाहीं. ठेंच लागली असतां मराठी मूल 'आई गं' म्हणतें आणि इंग्रज मूल 'आउच' म्हणतें. पायाचा अंगठा मात्र दोघांचा सारखाच असतो. उद्गार हाही शिकलेला शब्द आहे, आणि जें शिकतां येतें तें उसनेंही घेतां येतें.

आपल्याकडील सर्वांत जुना थर पाहूं गेल्यास तो संस्कृत आणि प्राकृत यांचा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायिभाव म्हणून सांगितला आहे. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें तर आपल्या नारायण नांवाच्या पूर्वजाचें असें मत नमूद केलें आहे, कीं प्रत्येक रसाचें सार चमत्कार हेंच असल्यामुळें अद्भुत हा एकच रस खरा. मराठींत हा विचार ज्ञानेश्वरांनीं आणला. इ. स. १२९० त सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरींत अकराव्या अध्यायाच्या आरंभीं, शांत रसाच्या घरीं अद्भुत हा पाहुणा म्हणून आला आहे, अशी कल्पना त्यांनीं योजिली आहे. आणि विश्वरूप पाहणाऱ्या अर्जुनाची जी अवस्था पुढें वर्णिली आहे तींत आनंद, भय आणि नम्रता हीं तिन्ही एकत्र नांदतात. ज्ञानेश्वरींत वारंवार येणारा 'नवल' हा शब्दही लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जें 'नव' तें नवल. पूर्वीं न पाहिलेलें तें नवल. या शब्दांत भय नाहीं, स्तुति नाहीं, केवळ डोळे उघडून पाहणें आहे.

यानंतरचा थर फारशीचा. इ. स. १३४७ त बहमनी राज्य स्थापन झालें, आणि तेथून पुढें कित्येक पिढ्या महाराष्ट्रांतील राजदरबारांवर फारशीचें वर्चस्व राहिलें. त्या वाटेनें जे फारशी व अरबी शब्द मराठींत आले, त्यांपैकीं वसुलाचे, फौजेचे आणि कागदपत्रांचे शब्द सर्वांस ठाऊक आहेत. माधवराव पटवर्धनांनीं १९२५ त प्रसिद्ध केलेला फारशी-मराठी कोश नुसता चाळला तरी त्यांची संख्या केवढी आहे याची कल्पना येते. परंतु त्यांच्याबरोबर विस्मयाचे व प्रशंसेचे शब्दही आले, ही गोष्ट फारशी बोलली जात नाहीं. 'शाबास' हा मूळचा 'शाद बाश', म्हणजे 'आनंदांत राहा', असा आशीर्वाद आहे. 'कमाल' म्हणजे अरबींत पूर्णता, 'अजब' म्हणजे आश्चर्य, 'हद्द' म्हणजे सीमा. 'मस्त' म्हणजे फारशींत मद्यानें धुंद झालेला, आणि 'जबरदस्त' म्हणजे ज्याचा हात वर आहे तो. या सर्वांत 'गजब' या शब्दाचा प्रवास अधिक मौजेचा आहे. अरबींत त्याचा अर्थ क्रोध. मराठींत 'गजब झाला' म्हणजे अनर्थ झाला, कहर झाला. आणि त्याच शब्दानें आज आपण एखाद्या गवयाच्या तानेचेंही कौतुक करतों. आई मुलाच्या पाठीवर हात फिरवून 'शाबास' म्हणते, त्या वेळीं आपण परकी भाषा बोलत आहों अशी शंका तिला येत नाहीं, आणि ऐकणाऱ्यासही येत नाहीं.

या शब्दांना हांकून देण्याचा प्रयत्न झाला नाहीं काय? भाषा शुद्ध करण्याचा मोठा उद्योग शिवाजी महाराजांनीं केला. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास त्यांनीं रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करविला, आणि रूढ यावनी शब्दांस त्यांत संस्कृत प्रतिशब्द देण्यांत आले. त्या कोशाचे दहा वर्ग आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग. हीं नांवें वाचलीं म्हणजे कोशाचा रोख कळतो. राज्य, शस्त्र, किल्ला, लेखणी आणि बाजार यांचे शब्द त्यांत आहेत. उद्गारांचा वर्ग नाहीं. यांत कोशकारांकडे कांहीं उणेपणा येत नाहीं. मुजुमदारास अमात्य आणि सुरनिसास सचिव म्हणावें, असा हुकूम काढतां येतो. गड सर करून आलेल्या मावळ्याला पाहून सरदाराच्या तोंडून कोणता शब्द निघावा, याचा हुकूम काढतां येत नाहीं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ सुरू केली, तेव्हांही असेंच घडलें. त्या चळवळीनें दिनांक, महापौर, दिग्दर्शक असे शब्द दिले, आणि ते रुजलेही. परंतु हीं सारीं नामें आहेत.

या इतिहासावरून आम्हांस एक नियम सुचतो. ज्याच्या कौतुकाला किंमत असते, त्याच्या भाषेंतून कौतुकाचा शब्द खालीं येतो. शिपायाला इनाम देणारा, गवयाला शालजोडी देणारा आणि कारकुनाला बढती देणारा दरबार ज्या भाषेंत 'शाबास' म्हणत होता, तीच भाषा प्रशंसेची भाषा झाली. मराठ्यांचें राज्य आलें तरी शब्द तोच राहिला, कारण तोंवर तो दरबारांतून उतरून घराघरांत गेला होता.

१८१८ त पेशवाई गेली आणि कौतुकाची किंमत ठरविणारी सत्ता बदलली. पुढील दोन पिढ्यांत इंग्रजी शिकलेला वर्ग तयार झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ त निबंधमाला काढली, त्या वेळीं सुशिक्षितांच्या हातीं मराठीची काय स्थिति झाली आहे हा त्यांच्या चिंतेचा एक मुख्य विषय होता. परंतु इंग्रजी उद्गाराचा मराठींतील पहिला मोठा विजय आमच्या मतें कचेरींत किंवा कॉलेजांत झाला नाहीं. तो नाटकगृहांत झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग झाला, आणि त्यापासून जी संगीत रंगभूमि भरभराटीस आली, तिच्या प्रेक्षकांचा खास उद्गार 'वन्स मोअर' हा ठरला. बालगंधर्वांच्या काळांत एकाच पदास पुनःपुन्हां वन्स मोअर मिळत असे, आणि किती मिळाले हें लोक अभिमानानें सांगत. नाटक कालिदासाचें, पद मराठी, राग हिंदुस्थानी आणि दाद मात्र इंग्रजी, असा तो प्रकार होता.

येथें एक मौज सांगितली पाहिजे. इंग्लंडांतील प्रेक्षक अशा प्रसंगीं 'वन्स मोअर' असें ओरडत नाहींत. ते 'ऑंकोर' म्हणतात, आणि तो शब्द फ्रेंच आहे. फ्रेंच प्रेक्षकांस तो चालत नाहीं. ते 'बिस' म्हणतात, आणि तो शब्द लॅटिन आहे. आनंदाच्या भरांत शेजाऱ्याचा शब्द उचलण्याची ही खोड एकट्या मराठी माणसाची नाहीं. आणि आपण उचललेला शब्द तरी मूळच्या मालकाच्या घरीं तसा कोठें वापरला जात होता? सामान इंग्रजी असलें तरी घडण आपली होती. म्हणूनच 'वन्स मोअर' हा आज मराठी रंगभूमीचाच शब्द वाटतो.

हिंजवडींतील 'वॉव' या शब्दाची कुळकथाही याच धर्तीची आहे. तो अस्सल इंग्रजी दरबारी शब्द असावा असें कोणास वाटल्यास तें बरोबर नाहीं. त्याचा जुन्यांतला जुना आढळ स्कॉटलंडांतील आहे. गॅव्हिन डग्लस या स्कॉच कवीनें व्हर्जिलच्या महाकाव्याचें भाषांतर १५१३ त पुरें केलें, त्यांत हा उद्गार सांपडतो. पुढें १९२० च्या सुमारास अमेरिकेंत, यशस्वी ठरलेल्या नाट्यप्रयोगालाच 'वॉव' म्हणण्याची रीत पडली, आणि तेथून चित्रपट, जाहिरात व दूरदर्शन यांच्या मार्गानें तो जगभर गेला. म्हणजे पाहुणा आपल्याकडे येण्यापूर्वीं आणखी दोन घरांचा पाहुणचार घेऊन आला आहे. त्याच्या सोबतीचे जे दुसरे शब्द हिंजवडींत ऐकूं येतात, त्यांची कथाही बोधप्रद आहे. 'ऑसम' या शब्दाचें मूळ भीतियुक्त आदर या अर्थाचें आहे. देवापुढें किंवा महासागरापुढें मनुष्यास जें वाटतें तें त्यानें सुचवावयाचें. आज तो दुपारच्या जेवणांतील आमटीसही लावतात. 'टेरिफिक' याचा मूळ अर्थ भयानक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो उत्तम या अर्थानेंही वापरांत येऊं लागला. आमच्या 'गजब' शब्दानें जी वाट धरली, तीच ही वाट आहे, आणि 'भयंकर सुंदर' असें म्हणणारा पुणेकर तिच्यावरच चालत असतो. विस्मयाचा शब्द प्रथम भयानें जड असतो. हातोहात फिरतां फिरतां नाण्यावरील छाप झिजावी तसा तो झिजतो, आणि मग नवें नाणें लागतें.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, कीं मग तक्रारीस जागाच कोठें उरली? शाबास चालला, वन्स मोअर चालला, तसा वॉवही चालेल. आमचेंही पहिलें उत्तर तेंच आहे, आणि त्यांत एका लाभाची भर घातली पाहिजे. मराठी उद्गारांवर वय, पायरी आणि स्त्रीपुरुषभेद यांचे शिक्के मारलेले आहेत. शाबास म्हणावयाचें तें वडिलानें धाकट्यास. शिष्यानें गुरूस शाबास म्हटलें तर तो उद्धटपणा होतो. 'अय्या' हा मुलींचा, 'अगबाई' हा प्रौढ स्त्रियांचा. पुरुषानें ते उच्चारले कीं लोक हंसतात. हिंजवडीच्या कचेरींत नागपूरची मुलगी, मदुरेचा मुलगा आणि दोघांहून वीस वर्षांनीं मोठा असा त्यांचा वरिष्ठ एका टेबलाशीं बसतात. तिघांनाही एकमेकांसमोर निःसंकोच उच्चारतां येईल असा कौतुकाचा शब्द त्यांना हवा होता, आणि तो जुन्या मराठींत तयार नव्हता. जी मुलगी आपल्या वरिष्ठास शाबास म्हणूं शकत नाहीं, ती त्याचें काम पाहून 'वॉव' म्हणूं शकते. समतेचा हा लहानसा व्यवहार आम्हांस तुच्छ वाटत नाहीं.

परंतु दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. मराठींतील अस्सल उद्गार एकत्र मांडून पाहावे. बाप रे. आई गं. अरेच्या. अगबाई. देवा रे. मावळांतील एखाद्या बाईचें 'आत्ता गं बया'. यांतील जवळजवळ प्रत्येक उद्गार म्हणजे कोणाला तरी मारलेली हांक आहे. कोणी बापाला हांक मारतो, कोणी आईला, कोणी देवाला, तर कोणी नुसतें 'अरे' किंवा 'अगं' म्हणून जवळच्या माणसाला. आकाराच्या आश्चर्यासाठीं असलेल्या 'अबब' या उद्गाराशीं कानडींतील 'अब्बब्बा' ताडून पाहिला, आणि तिकडे अप्पा-अब्बा हे बापाचे शब्द आहेत हें ध्यानांत घेतलें, तर तेथेंही अशीच हांक ऐकूं येते. 'अहाहा' आणि 'ओहो' हे निव्वळ ध्वनि सोडले, तर मराठी मनुष्य आश्चर्य एकट्यानें सोसत नाहीं. तो लगेच कोणाला तरी बोलावून घेतो. 'म्हातोबाच्या नावानं चांगभलं' यांत तर हांकही आहे आणि सर्वांचें बरें व्हावें ही इच्छाही आहे. 'वॉव' कोणालाही बोलावीत नाहीं. तो म्हणणाऱ्याच्या ओठांवर सुरू होतो आणि तेथेंच संपतो.

दुसरी हानि भेदांची. डोंगराएवढी लाट पाहून अबब, हरवलेली किल्ली खिशांतच सांपडली तर अरेच्या, उत्तम तान ऐकून वाहवा, धाडस पाहून शाबास, संकट ऐकून बाप रे, नवी गोष्ट पाहून नवल: प्रत्येक आश्चर्यास त्याचा त्याचा शब्द होता, आणि तो निवडतांना मन नकळत आपल्या आश्चर्याची जात ओळखीत असे. आतां लाट, किल्ली, तान आणि मैत्रिणीची नवी चप्पल या चारींना एकच शब्द लागतो. फारशी शब्द आले ते भर घालीत आले. शाबास आल्यानें भले गेला नाहीं, उलट 'भले शाबास' अशी जोडी झाली. वॉव जोडी करीत नाहीं. तो इतरांची जागा अडवितो. याचें कारण शब्दांत नाहीं. वापरणाऱ्याच्या घाईंत आहे.

म्हणून या शब्दावर बहिष्कार पुकारावा, असें आम्ही म्हणणार नाहीं. जें काम राजाज्ञेनें झालें नाहीं आणि सावरकरांच्या चळवळीनेंही झालें नाहीं, तें मासिकांतील लेखानें होईल अशी आमची कल्पना नाहीं. शिवाय नाणीं पाडण्याची मराठीची टांकसाळ बंदही पडलेली नाहीं. 'भन्नाट', 'लय भारी', 'एक नंबर', कोल्हापूरकडील 'नादखुळा', हे उद्गार गेल्या कांहीं पिढ्यांत लोकांनींच रूढ केले, आणि हिंजवडीच्या चहाच्या टपरीवर ते वॉवच्या बरोबरीनें ऐकूं येतात. करण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. पहिली शाळेंतील. केवलप्रयोगी अव्ययांची यादी मुलांकडून पाठ करून घेण्याऐवजीं, कोणता उद्गार कोण, कोणापाशीं आणि कशाकरितां काढतो, हें त्यांना विचारावें. मुलें घरून आजीचे शब्द घेऊन येतील. दुसरी गोष्ट अभ्यासकांची. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानें १९३२ ते १९३८ या काळांत मराठीचें मोठें भांडार एकत्र केलें; परंतु उद्गाराचा अर्ध्याहून अधिक अर्थ त्याच्या सुरांत असतो, आणि सूर कागदावर उतरत नाहीं. आज तो यंत्रावर उतरवून ठेवणें अगदीं सोपें झालें आहे, आणि तीं यंत्रें चालविणारी हुषार मंडळी हिंजवडींतच बसलेली आहे. त्यांच्या कचेऱ्यांपासून हांकेच्या अंतरावर, माण, मारुंजी आणि खुद्द हिंजवडी येथें, ज्यांच्या तोंडीं मुळशीचे जुने उद्गार अद्यापि आहेत अशीं वृद्ध माणसें राहतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशीं त्यांच्या ओसरीवर बसून तें बोलणें टिपून घ्यावें.

तें ऐकतांना त्या तरुणांच्या तोंडून 'वॉव' निघाला, तरी आमची हरकत नाहीं. मात्र तो ऐकून आजीबाई 'आत्ता गं बया, हें काय म्हणतोस रे?' असें विचारतील, तेव्हां त्यांना नीट उत्तर द्यावें, आणि त्यांचा शब्दही लिहून घ्यावा.